नानांचा परण्या

माझ्या सासऱ्यांचा परण्या त्यांच्या वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, ओळखीचं एकही माणूस हजर नसताना निघाला. (परण्या म्हणजे लग्न लागायच्या आधी नवरदेवाला घोड्यावर बसवून वाजतगाजत मारुतीच्या पाया पडायला नेतात ते. लग्न अर्थातच नानांचं नव्हतं. फक्त घोडा आमचा होता.)

नाना कर्जतकडचे, रिटायर्ड मास्तर. सकाळच्या पेपरातल्या चुका लाल पेनाने दुरुस्त केल्याशिवाय त्यांना चहा गोड लागायचा नाही. पण थंडीत त्यांच्या हृदयात स्टेंट बसवला आणि नानांचा आवाजच गेला म्हणा ना! आमच्याकडे नगरला राहायला आले, गॅलरीत खुर्ची टाकून बसले, ते बसलेच. पेपर तसाच घडी घातलेला. मी मुद्दाम त्यांच्यासमोर चुकीचं मराठी बोलून बघितलं, तरी ढिम्म! माझी बायको वैशाली स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसायची आणि कांदा चिरत होते म्हणायची. कांदा टोपलीत शाबूत असायचा.

"त्यांना कुठेतरी घेऊन जा," डॉक्टर म्हणाले. "मोकळ्या हवेत. फक्त चढ चढू देऊ नका."

मी नागापूरच्या एका कारखान्यात सुपरवायझर. नुकतीच गिअरची सायकल घेतली होती, आणि ती घेतल्यापासून मी हेल्मेट घालूनच चहा पितो असं वैशालीचं म्हणणं होतं. कारखान्यातल्या एकाने सांगितलं, भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाला जंगलातून एक वाट जाते. तिच्यावर पायी जा, सायकलवर जा, नाहीतर घोड्यावर जा, कुणी अडवत नाही. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"तू पायी, मी सायकलवर, नाना घोड्यावर!"

"अहो, डॉक्टरांनी चढ नको सांगितलाय ना?"

"चढ घोडा चढेल! नाना नुसते बसतील."

"आणि पडले म्हणजे?"

"मी आहे ना!" (आमच्या संसारातलं प्रत्येक संकट याच तीन शब्दांनी सुरू झालेलं आहे.)

घोडा राजूरकडच्या किसनभाऊंचा, फोनवरून ठरवलेला. मे महिन्यातल्या एका सकाळी वाटेच्या तोंडाशी गाडी लावली, तर किसनभाऊ पांढराशुभ्र घोडा घेऊन हजर. नाव सुलतान. आयाळीत जरीची एक पट्टी अडकलेली होती. किती हौसेने ठेवलाय जनावराला, मी मनात म्हटलं. डोक्यात त्यापलीकडे काही येईल तर शपथ!

"शांत आहे ना?" वैशालीने विचारलं.

"लई शांत, ताई! कितीबी गर्दी असू द्या, फटाके वाजू द्या, कानापाशी ढोल बडवा. हालनार न्हाई!"

जंगलात कोण ढोल बडवणार आहे, असा प्रश्न शहाण्या माणसाला पडला असता. मला पडला नाही. शिवाय मी सुलतानपासून जरा अंतर राखून होतो. माझं आणि घोड्यांचं पहिल्यापासून जमत नाही. माझ्या स्वतःच्या परण्याला घोड्याने माझ्याकडे बघून नुसतं फुरफुर केलं, तर मी सरळ जीपमध्ये जाऊन बसलो होतो. सगळं वऱ्हाड घोड्यामागे नाचत होतं आणि घोड्यावर कुणीच नव्हतं.

नाना किसनभाऊंच्या खांद्याचा आधार घेऊन घोड्यावर बसले. "बरं वाटतंय ना, नाना?" वैशालीने विचारलं. त्यांनी नुसती मान हलवली.

निघालो. हिरड्याची दाट सावली, करवंदांनी लगडलेल्या जाळ्या, वैशाली ओंजळ भरभरून करवंदं तोडतेय, मी पहिल्याच चढाला धापा टाकत सायकलवरून उतरलोय. दृश्य रम्य होतं. एवढ्यात वाटेच्या कडेला शेंदूर फासलेला एक दगड आला आणि सुलतान थांबला. काही केल्या हलेना!

"पाया पडा, बाबा," किसनभाऊ नानांना म्हणाले. "त्याशिवाय त्यो फुडं जात न्हाई."

नानांनी हात जोडले. सुलतान चालू लागला. पुढे आणखी एक शेंदरी दगड, पुन्हा तेच.

"किती भाविक आहे हो!" वैशाली म्हणाली.

"संस्कार!" मी म्हणालो.

खिंडीपाशी पोचलो आणि किसनभाऊंचा मोबाईल वाजायला लागला. आवाज नीट येईना म्हणून ते वरच्या कातळावर चढले. जाताना लगाम माझ्या हातात दिला. "दोन मिनटं धरा, पाव्हनं."

मी सायकलवर बसल्या बसल्या एका हाताने लगाम धरला. सुलतानने माझ्याकडे बघून फुरफुर केलं. तेच ते, जुनं! तेवढ्यात खालच्या वाडीतून बँड सुरू झाला.

सुलतानचे कान उभे राहिले. मान ताठ झाली. आणि इतका वेळ पाय ओढत चालणारं ते जनावर वाडीच्या दिशेने असं सुटलं, की जणू मुहूर्त टळत होता! पहिली काही पावलं मी आणि सायकलही त्याच्यामागे गेलो. मग मी लगाम सोडला. (वैशालीला मी आजतागायत 'सुटला' असं सांगतो.)

"नानाऽऽऽ!" वैशाली किंचाळली.

"अरं, लगीन लागतंय वाटतं खाली!" कातळावरून किसनभाऊ ओरडले. "लग्नातला घोडा हाय त्यो! बँड ऐकला की ऱ्हात न्हाई!"

"मग आधी का नाही सांगितलं?"

"तुमी कुठं इचारलं?"

मी सायकल उतारावर घातली. डोळ्यांसमोर नुसतं भलतंसलतं यायला लागलं. नाना दरीत. नाना दगडावर. स्टेंट जागेवरून सरकलेला. मागून वैशाली रडत पळत येतेय, "नानांना काही झालं ना, तर मी तुमचं तोंड बघणार नाही!" आणि खरं सांगतो, तिचं चुकलंही नसतं. त्या घाईत ब्रेक कुठला आणि गिअर कुठला कळेना. मी सगळंच एकदम दाबलं. सायकल जागीच थांबली आणि मी पुढे करवंदाच्या जाळीत गेलो. पाय मुरगळला, शर्ट काट्यांनी वेचून वेचून फाडला. तसाच लंगडत, सायकल ढकलत, वैशाली आणि किसनभाऊंच्या मागोमाग वाडीत पोचलो.

वाडीत परण्या निघाला होता. लग्नाचा ठरवलेला घोडा आलाच नव्हता म्हणून नवरदेव बिचारा पिकअपच्या हौद्यात उभा होता. आणि सगळ्यात पुढे, बँडच्या तालावर एकेक पाय उचलत सुलतान नाचत होता, आणि त्याच्यावर नाना! डोक्याला गुलाबी फेटा, कपाळाला कुंकवाचा मळवट, आणि नाना चक्क हसत होते! खळखळून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत!

वैशाली मटकन खालीच बसली. आधी रडली, मग हसली, मग दोन्ही एकदम करायला लागली. मला तर त्या घोड्याचा मुका घ्यावासा वाटला. (लांबूनच.)

"अहो, नाना, लागलं का कुठे?" मी विचारलं.

"मला काय धाड भरलीय? आधी तुमचा अवतार बघा, जावईबापू!" नाना म्हणाले. कित्येक महिन्यांनी ऐकलेलं हे पहिलं पूर्ण वाक्य. "हे लोक म्हणाले, घोडा आला, देवच पावला! म्हटलं, घोडा तुमचा, पण वेशीपर्यंत मीच बसतो. आमच्या लग्नाला कुठे घोडा होता? बैलगाडीतून गेलो."

वेशीपाशी नाना उतरले आणि खरा नवरदेव घोड्यावर चढला. मारुतीपाशी सुलतान आपणहून थांबला, पाया पडून होताच आपणहून वळला. लग्न लागलं. नवरदेवाच्या आईने आम्हाला हाताला धरून पंगतीत बसवलं. नानांना मानाचं पान मिळालं. मला हेल्मेट आणि फाटक्या शर्टात बघून वाढप्याने विचारलं, "पार्सल कुनाचं आनलंय, भाऊ?" नानांनी बुंदी मागून घेतली आणि लग्नपत्रिकेतल्या चार चुका काढल्या. वैशालीने माझ्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत पुन्हा पाणी होतं आणि आसपास कांदा नव्हता.

परत निघायची वेळ झाली. वाडीतून खालच्या वाटेने आमच्या गाडीपर्यंत सगळा हलका उतार होता, पण माझा पाय टेकवेना.

"जावईबापू, तुम्ही घोड्यावर बसा," नाना म्हणाले. "सायकल मी घेतो."

"नाना!" वैशाली ओरडली.

"अगं, अख्खी नोकरी सायकलवर केली मी. आणि डॉक्टर चढ नको म्हणाले, उताराबद्दल चकार शब्द बोलले नाहीत!" (हे तर्कशास्त्र मला ओळखीचं वाटलं.)

मला चौघांनी उचलून घोड्यावर ठेवलं. सुलतान हलेना. टाच मारली, विनवण्या केल्या. ढिम्म!

"आता त्यो बँडबिगर हालायचा न्हाई," किसनभाऊ म्हणाले. "तालात आलाय."

मोबाईलवर काही लावावं तर रेंज नाही. शेवटी मी डोळे मिटले आणि तोंडाने सुरू केलं, "ढँ टॅटॅ ढँ! ढँ टॅटॅ ढँ!" सुलतान डौलात निघाला. मी श्वास घ्यायला थांबलो की तोही थांबायचा. पुढे नाना फेट्याचा शेमला उडवत, घंटी वाजवत सायकलवर, मागे मी बोंबलत घोड्यावर, आणि वैशाली पोट धरून पायी.

वाटेत सरपणाची मोळी घेतलेली एक म्हातारी थबकली. कौतुकाने बघत म्हणाली, "कुनाचं लगीन गं, बाई? नवरदेव कुठं हाय?"

वैशालीने पुढे बोट दाखवलं. "ते काय, सायकलवर!"

"व्हय? मंग ह्यो घोड्यावर कोन?"

"हा होय?" वैशाली म्हणाली. "हा बँडवाला!"