दादाचे गुरुवार

भाजी घेत उभी होते आणि शेजारच्या वहिनींचा फोन आला, "शकूताई, दादा उठंनात ओ..." दुपारी जरा पडतो म्हणून आडवा झालेला माझा थोरला भाऊ उठलाच नाही. हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. त्याला आता दीड महिना झाला.

आम्ही मूळचे मैंदर्गीचे. दादा सोलापुरात चादरीच्या कारखान्यात लागला आणि मी विधवा झाल्यावर मलाही इथंच घेऊन आला. सात वर्षांची असताना मी तापाने फणफणले होते. तेव्हा माझ्या जिवासाठी त्याने स्वामींचे गुरुवार धरले. पुढे त्याला साखर झाली, गोळ्या लागल्या, तरी उपास काही सुटला नाही. उपाशीपोटी गोळी घ्यायचा, मग साखर खाली जायची. घाम, थरथर, समोरच्याचं नावही आठवायचं नाही. असं वारंवार झालं तर विसर वाढेल, डॉक्टरांनी बजावलं होतं. तसंच झालं. पुढे पुढे तो वारही विसरायला लागला आणि उपास चुकू नये म्हणून मंगळवारीही गुरुवार, शनिवारीही गुरुवार! "दादा, तुझ्या आठवड्यात गुरुवार किती रे?" मी हसायचे. त्या हसण्याची आज लाज वाटते. उपासाने विसर, विसरामुळे पुन्हा उपास... आम्ही दोघंही त्यात अडकलो होतो.

डॉक्टरांनी गोळ्या कमी केल्या, पण पोटात अन्न हवंच होतं. मग मी खोटं बोलायला लागले. गुरुवारचं कॅलेंडरचं पान सकाळीच फाडायचे आणि शुक्रवार दाखवायचे. तो मुकाट्याने जेवायचा. मला स्वतःचीच किळस यायची, आणि पुढच्या गुरुवारी मी पुन्हा तेच करायचे.

त्याच्या शेवटच्या गुरुवारी आमटीत कडक भाकरी कुस्करून पुढे ठेवली.

"आज वार कंचा?"

"शुक्रवार हाय की."

दोन घास खाऊन तो म्हणाला, "शकू, पलीकडं स्वामींच्या मठात आरती चाललीया. गुरुवार हाय, ठाव हाय मला."

"मग जेवतूस कशाला?"

"खोटं बोलतीस आन् मोरीत जाऊन रडतीस. त्ये बघवत न्हाय गं."

आणि त्याने ताटली पुसून खाल्ली.

आता गुरुवारी आरती सुरू झाली की मी ताट वाढून घेते. जेवावं तर त्याने माझ्यासाठी धरलेला उपास आठवतो, न जेवावं तर माझ्यासाठीच त्याने मोडलेला. भाकरी कुस्करते... आणि नुसती बसून राहते.