काळ्या पडद्याची पन्नास मिनिटं

त्या हिवाळ्यात आमची पोस्ट बारा हजार फुटांवर होती. माणसं एकवीस, बंकर चार, रेडिओ सेट एक. मी सिग्नलचा हवालदार, म्हणून सेट माझ्याकडे. रजेवरून येताना मी व्हिडिओ कॅमेरा आणला होता, म्हणून शूटिंगही माझ्याकडेच. फौजेत ज्याला एक काम येतं, त्याच्या गळ्यात दुसरं पडतं.

लान्स नाईक दत्तात्रय राऊत कोल्हारचा. मी काष्टीचा. एकाच जिल्ह्यातले, त्यामुळे साहेब जवळ नसले की सेटवरही आम्ही गावाकडचं बोलायचो. तो मला उस्ताद म्हणायचा आणि माझ्या चहाला नावं ठेवायचा.

त्या दिवशी ०५१० वाजता पाच जणांची गस्त निघाली. दत्तूच्या पाठीवर छोटा सेट होता; सेटवर त्याचं नाव चार्ली वन, माझं कंट्रोल. मी त्यांचं शूटिंग केलं. सहानंतर बंकरमध्ये चहाच्या कपाचं शूटिंग करत होतो. दत्तूला चिडवायला. ०६१२ला सेट खरखरला. मी कॅमेरा ब्लँकेटवर पालथा टाकला. बटण बंद करायचं राहिलं.

"कंट्रोल, चार्ली वन. माइन ब्लास्ट. एक कॅज्युअल्टी. ओव्हर."

"चार्ली वन, कंट्रोल. कोण? ओव्हर."

"मीच. ओव्हर."

नाल्यावरचं बर्फ खचलं होतं. रेस्क्यू पार्टीला वाट सापडत नव्हती. मी दर पाच मिनिटांनी दत्तूला सांगत होतो, पार्टी निघाली. ती निघाली नव्हती. ०६५२ला साहेब दारात आले.

"चॉपर येतंय म्हणतात. हेलिपॅडवर स्मोक लाव."

"सर, सेटवर कोणी नाही."

"दोन मिनिटांत ये."

मी जाऊन धुराची खूण लावली, पण ढग उतरले. चॉपर आलं नाही. मी परतलो तेव्हा ०७०३ झाले होते. दोन मिनिटांनी गस्तीतल्या दुसऱ्या जवानाचा आवाज आला, "राऊत गेला. ओव्हर."

पार्थिव घेऊन कोल्हारला मीच आलो. त्याच्या आईला, पारूमावशींना, सांगितलं की सहा वाजून बारा मिनिटांनी स्फोट झाला, दत्तू जागेवरच गेला, काही त्रास झाला नाही. पार्थिवाबरोबर जाणारा प्रत्येक जण हेच सांगतो. कोणी शिकवत नाही, तरी सगळ्यांचं पाठ असतं.

याला बावीस वर्षं झाली. दरवर्षी त्या दिवशी मी कोल्हारला जातो, चहा पितो, मान खाली घालून बसतो आणि परत येतो. यंदा मावशींचा फोन आला.

"रंगनाथा, तू त्येची कॅसेट काढल्ती म्हनायचा. ती बघायचीय. घरात फोटो लई हायेत. फोटो बोलत न्हाई."

जुना कॅमेरा अजून चालत होता. तो कॉम्प्युटरला जोडायची एक छोटी डबी मिळते, ती मागवली. कॅसेटवर बुरशी होती, कापसाने पुसली. या कामात घाई चालत नाही. नव्वद मिनिटांची कॅसेट डिस्कवर जायला नव्वद मिनिटंच घेते. पहाऱ्याची सवय असलेल्या माणसाला त्याचं काही वाटत नाही.

ही कॅसेट मी पूर्वी दोनदा लावली होती. दोन्ही वेळा चहाचा कप आला, पडदा काळा झाला आणि मी लगेच बंद केली. पुढे काही नाही अशी माझी समजूत होती. या वेळी चालू ठेवून झाडांना पाणी घालायला अंगणात गेलो. खिडकीतून माझाच आवाज आला.

"पार्टी निघाली. ओव्हर."

पाईप हातातून सुटला. मी आत जाऊन बसलो. काळ्या पडद्यामागे मी खोटं बोलत होतो आणि दत्तू "रॉजर" म्हणत होता. मग माझे बूट वाजले, लांब गेले. थोड्या वेळाने तो म्हणाला, "कंट्रोल, चार्ली वन. ओव्हर." पुन्हा तेच. मग त्याने सेटची भाषा सोडली.

"उस्ताद, पार्टी न्हाई निगाली. ठावं हाय मला. तुमी नुसतं बोलत ऱ्हावा."

खरखर.

"उस्ताद? हाय का?"

कॅसेट संपेपर्यंत नुसती खरखर. मी सेट सोडून गेल्यावर त्याने मला हाक मारली होती, हे मला बावीस वर्षं माहीत नव्हतं. रडू नंतर आलं. आधी लाज वाटली.

मी दोन डिस्क केल्या. एक चहाच्या कपापर्यंतची चाळीस मिनिटांची, दुसरी पूर्ण. पूर्ण डिस्क कपाटात युनिफॉर्मखाली ठेवली.

रविवारी मावशी एकट्या एसटीने आल्या. वय अठ्ठ्याहत्तर. दत्तू पडद्यावर हसला, माझ्या चहाला गटाराचं पाणी म्हणाला, पट्टा आवळून गस्तीवर निघाला. कप आला. डिस्क थांबली.

"पुढचं लाव."

"संपली, मावशी."

त्यांनी पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला मृत्यूचा दाखला काढला.

"ह्यात सात वाजून पाच मिनटं लिवल्यात. तेराव्यालाच गुर्जींनी वाचून दावलं. तू म्हनला सा बाराला जागेवर गेला. मधी तरेपन्न मिनटं हायेत, रंगनाथा."

"मग कधी विचारलं का नाही?"

"तू दर साली मान खाली घालून बसायचा. काय इचारू तुला?"

मी म्हणालो, पुढचं तुम्हाला ऐकवणार नाही. त्या म्हणाल्या, "त्येचा आवाज हाय ना त्यात? मंग लाव."

कपाटातली पूर्ण डिस्क काढून काळ्या पडद्यापासून लावली. माझं खोटं त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. बूट लांब गेले. दत्तूने दोनदा कंट्रोलला बोलावलं. मग स्पीकरमधून आलं, "उस्ताद? हाय का?"

तेव्हा मी नव्हतो. आता खोलीत होतो. मावशी खुर्चीत पुढे वाकल्या.

"हाय रं दत्तू," त्या म्हणाल्या. "मी हाय. ऐक."

आणि त्या बोलत राहिल्या. बहिणीला दोन पोरी झाल्या, थोरलीचं नाक तुझ्यावर गेलंय. प्रवरेला औंदा पानी बरं हाय. तुझी सायकल कुनाला दिली न्हाई. समोर काळा पडदा आणि खरखर. मी मनगटावरचं घड्याळ बघत होतो.

रेकॉर्डिंग त्या दिवशीच्या ०७०२ला संपलं. खरखरही थांबली. मावशी आणखी तीन मिनिटं बोलत होत्या.