गाळलेलं पद

जत्रेच्या संगीत नाटकात मी राजाचं शेवटचं पद गाळलं. वरचा सूर लागत नव्हता, आणि म्हटलं, कुणाला कळणार!

पहिल्याच रांगेत डिचोलीच्या वाचनालयातली मुलगी बसली होती. ही पुस्तकावर शिक्का मारतानाही पुठ्ठ्यावर ठेका धरते. नाटकाचं पुस्तक मागितलं, तर आधी त्यातली दोन पदं गुणगुणते, मग पुस्तक देते.

पडदा पडताच ती तडक रंगपटात आली.

"काका, तें पद खंय गेलं? त्याच्यासाठी दोन बस बदलून पेडण्याला आले मी!"

तिचे डोळे भरले होते. मला लाज वाटली. अर्धी मिशी उतरलेली, तरी तिथेच उभा राहून मी अख्खं पद गायलो. ती खोक्यावर बसून डोळे मिटून ऐकत होती. मग उठली.

"काका, गाळलंत तेंच बरं केलंत."