गल्लीतल्या सगळ्या आया

नॉटिंगहॅमला आयुष्यभर बस चालवून रिटायर झालेल्या टिपणीसकाकांना चित्रकलेशी काडीचंही घेणंदेणं नव्हतं. घरासमोरच्या भिंतीवर मात्र त्यांचा दात होता, कारण पबमधून सुटलेला प्रत्येक जण तिथेच धार मारायचा.

२००५ साली कौन्सिलने त्या भिंतीवर म्युरल रंगवायला लूसी नावाची चित्रकार पाठवली. कौन्सिलला कला लोकांच्या दारी आणायची होती, काकांना दारातला वास घालवायचा होता.

"देव काढ," त्यांनी लूसीला सांगितलं. "आमच्या पुण्यात जिन्यात देवाची टाइल लावली की माणूस थुंकतसुद्धा नाही."

"अहो, ह्या लोकांना गणपती म्हणजे हत्ती," काकू करवादल्या. "त्यांना कसली डोंबलाची भीती?"

"मग आईला तरी भीत असतील लेकाचे!" म्हणत काकांनी दारोदार फिरून फोटो जमवले. लूसीने त्यांवरून गल्लीतल्या सगळ्यांच्या आया रंगवल्या, डोळे वटारलेल्या. जन्मात म्युझियमची पायरी न चढलेले लोक आपापली आई बघायला गर्दी करू लागले.

शनिवारी पबमधून गल्लीतलाच डेव्ह झिंगत भिंतीपाशी आला. आई दिसताच त्याने टोपी काढली, "सॉरी, मम," म्हणाला, अदबीने पाठ फिरवली आणि समोरच्या कुंपणावर धार मारली.

कुंपण टिपणीसकाकांचं होतं.