करिता

आधी तो वास येतो. ओल्या पोत्याचा, आत दबून कुजलेल्या हळदीचा, जिभेच्या मुळाशी कडवट थर धरणारा. मग आवाज.

"घ्या, घ्या वास. तुमचंच नाक ना ह्ये? डिगरीवालं!"

चेअरमनसाहेबांनी पोत्याचं तोंड माझ्या तोंडासमोर धरलं होतं. वसमतजवळच्या आमच्या हळद कंपनीच्या आवारात, निवडायला बसलेल्या सगळ्या बायकांसमोर. खरेदीदारानं परत पाठवलेला माल होता तो. कुणीतरी हसलं. मी वाकले. खरंच वाकले. नाकाच्या शेंड्याला करडी बुरशी लागली. ती पुसायलाही हात उचलला नाही.

मी तिथली गुणवत्ता अधिकारी. माझ्या आईनं आयुष्यभर याच आवारात हळद निवडली, म्हणून हळद मी कानानं ओळखते. वाळलेलं हळकुंड मोडताना खणखणीत बोलतं. ओलं मुकाट वाकतं.

नेमणुकीच्या दिवशी साहेबांनी गोदामाच्या किल्ल्या माझ्या ओंजळीत टाकल्या होत्या. "ताई, आता समदं तुमच्यावर सोपवलं." किल्ल्या माझ्याकडे आल्या. दार कुणासाठी उघडायचं, ते त्यांच्याकडेच राहिलं. प्रत्येक कागदाच्या तळाशी 'अध्यक्ष' असं छापलेलं असे. त्यापुढे मी 'करिता' लिहायची आणि वर सही करायची. हुकूम त्यांचा, अक्षर माझं. मनगटाला तो शब्द इतका पाठ झाला, की एकदा लेकीच्या प्रगतिपुस्तकावर 'पालक' या शब्दापुढेही मी 'करिता' लिहून बसले. बाईंनी तिला विचारलं, "आई आजारी आहे का?"

लेक हसत घरी आली. मला हसू आलं नाही.

हा परत आलेला माल साहेबांच्या मेहुण्याचा. पहिल्यांदा आवारात आला त्या दिवशी एक हळकुंड मोडून पाहिलं. बोललं नाही. दुसरं, तिसरं. तीही वाकली. मी माल नाकारला. दुपारी साहेबांचा फोन आला.

"घ्या म्हनलं ना. आपलाच मानूस हाय."

दार मी उघडलं. हेही सांगितलंच पाहिजे. दार मीच उघडलं.

पोत्याचा तमाशा आटोपल्यावर मला कार्यालयात बोलावलं. खुलासा टाईप करून तयार होता: 'सदर माल माझ्या तपासणीत योग्य आढळला.' खाली माझं नाव. नुसतं माझं. अध्यक्ष नाही, करिता नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तो सगळा कागद माझ्या एकटीच्या मालकीचा होता.

"सही करा. नोकरी ऱ्हाईल तुमची."

"माल मी नाकारला होता, साहेब."

"कोन मानतं? फोनवर बोललेलं दिसतं व्हय कुठं?"

पंखा घरघरत होता. खिडकीचे गज तापले होते. बाहेर बायका हळकुंडं मोडून पाहत होत्या. कट्. कट्. मी पेन उचललं आणि टाईप केलेल्या ओळीवर आडवी रेघ मारली. खाली लिहिलं: 'हा माल मी नाकारला होता. अध्यक्षांनी फोनवरून घ्यायला लावला. मी भिऊन दार उघडलं.' सही केली. पूर्ण नावानिशी.

साहेबांनी वाचलं. आवाज एकदम मऊ झाला.

"काहून करून राहिल्या असं? फाडा तो. या खोलीत काय झालं, भाईर कुनाला कळायचं न्हाई."

ते मात्र खरं होतं. माझा अपमान आवारात झाला होता आणि माझं म्हणणं या चार भिंतींत मरणार होतं. मी किल्ल्या टेबलावर ठेवल्या. कागद घेतला आणि बाहेर आले.

ऊन डोळ्यांत घुसलं. बायकांचे हात थांबले. याच बायकांसमोर मी वाकले होते. नोकरी गेली, हे मला कळत होतं. पुढे कामासाठी कोण दारात उभं करील, ते कळत नव्हतं. पण या हातानं आता दुसऱ्याचा हुकूम माझ्या अक्षरात उतरायचा नाही, आणि दुसऱ्याचा गुन्हा माझ्या नावावर चढायचा नाही. उपाशी राहिले तरी नाही.

पारूमावशी पुढेच बसली होती. आईच्या शेजारी बसून हळद निवडणारी, हजेरीला अंगठा उठवणारी पारूमावशी. तिनं हातातलं हळकुंड सुपात ठेवलं, पिवळी बोटं पदराला पुसली आणि माझ्या हातातल्या कागदाकडे पाहिलं.

"वाच."