भोग आप्पांचे, मार आईला

माझ्या वडिलांच्या, आप्पांच्या जबड्यात कॅन्सरची गाठ निघाली तेव्हा ते एवढंच म्हणाले, "हे माझं मला आलंय." तरुणपणी बांधाच्या भांडणात त्यांनी शेजारच्या शेतकऱ्याला कुऱ्हाडीच्या दांड्यानं मारलं होतं. त्याचा जबडा फुटला. आप्पा कोर्टातून सुटले, पण देवानं सोडलं नाही, अशी त्यांची खात्री होती.

बीडच्या डॉक्टरांनी दुखण्यावर मॉर्फिनच्या गोळ्या दिल्या. "आता दाबलं तर पुढच्या जन्मी भोगावं लागंल," म्हणत आप्पांनी त्या उकिरड्यावर भिरकावल्या.

कळ मस्तकात गेली की हाताला लागेल ते फेकायचे. तांब्या, काठी, गरम पेजेची वाटी. आईच्या अंगावर कायम एखादा तरी काळानिळा डाग असायचा.

मी माहेरी गेलते तेव्हाची गोष्ट. दुपारी आई त्यांना पेज भरवत होती. चमचा जखमेला लागला. आप्पांनी तिचे केस धरले आणि डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं. मी मधे पडले तर माझा हात पिरगाळला. आई उठली. रक्त डोळ्यात उतरत होतं. तिनं आप्पांच्या चांगल्या गालावर सणसणीत ठेवून दिली. जन्मात पहिल्यांदा.

"भोग तुमचे हायत ना? मंग गप भोगा! माझं डोकं का म्हनून फोडता? हे आत्ता केलेलं कोण्या जन्मी फेडनार?"

आप्पा तिच्या कपाळाकडं बघत राहिले. मग म्हणाले, "गोळी हाय का?"

आईनं उकिरड्यावरून उचलून ठेवलेली गोळ्यांची पट्टी मी काढून दिली.

त्या दिवशी ते गाढ झोपले. पुढं ओट्यावर बसू लागले, पातळ भात खाऊ लागले, माझ्या लेकराशी बोलू लागले. पण मन पुरतं वळलं नव्हतं. सोमवारी गोळी घ्यायचे नाहीत. "तेवढं माझं मला भोगू दे," म्हणायचे, गोठ्यात जायचे आणि आईला बाहेरून कडी घालायला सांगायचे. दारावर लाथा बसायच्या, शिव्या ऐकू यायच्या. आई बाहेर बसून राहायची.

मग एका सोमवारी त्यांना उठवेना. आईनं गोळी ओठांशी नेली.

"आज सोमवार हाय," तिनं आधीच सांगितलं.

आप्पांनी तोंड उघडलं.

त्याच आठवड्यात ते गेले. झोपेतच.