पूजेत ठेवलेले बोल्ट

भागवत मिस्त्रीला हल्ली बसलं की उठावंसं वाटत नसे आणि उठलं की कुठं बसू असं होई. पालमच्या स्टँडमागं आख्खी उमर जीपखाली पाठीवर पडून काढलेली. कंबर तिथंच गेली. त्यात पुरातून माणसं काढायला तालुक्याला एक वेगवान बोट आली आणि तिचं इंजिन त्याच्याच गळ्यात पडलं. का, तर जीपलाही शाफ्ट असतो आणि बोटीलाही. सांगणाऱ्यांचं काय जातंय?

पहिल्या हंगामात त्यानं जीपचेच बोल्ट मारले, तेही पार डोक्यापर्यंत आटे असलेले. इंजिन आणि पंख्याचा शाफ्ट जिथं एकमेकांना धरतात, त्या कपलिंगला ते टिकले नाहीत. ही बया पाण्यावर आपटत पळते आणि दर आपटीला तो जोड हिसका खातो. आट्याच्या खाचेतच बोल्ट तुटले. मग अक्कल आली: कपलिंगच्या दोन्ही तबकड्यांतून जाईल तेवढी बोल्टची दांडी गुळगुळीत हवी, आटे त्याच्या पुढं. नट आत नायलॉनचं कडं असलेला, आणि तोही एकदाच वापरायचा, कारण दुसऱ्यांदा त्याची पकड राहत नाही. समोरासमोरचे कसत जायचं आणि शेवटी टॉर्क पाना लावायचा, तो टक् म्हणेपर्यंत; टक् म्हणजे नट हवा तेवढा आवळला. सगळं तोंडपाठ होतं. पाठ असून काय करता, अंगात दम पाहिजे ना.

या वर्षी नवे नट-बोल्ट आले ते नेमके खंडेनवमीला. सकाळीच घाटावर जाऊन त्यानं जुने काढून पाहिले होते. नट बोटानं फिरत होते. जोड लोंबकळू नये म्हणून त्यानं तेच परत अडकवले आणि नव्यांची पुडी घ्यायला घरी आला. घरात त्याच्या बायकोनं, दैवशालानं, त्याचे पाने, हातोडी, टॉर्क पाना धुऊन पाटावर मांडले होते. तिनं पुडीही घेतली. नवी वस्तू पूजेआधी लावायची नाही, हा तिच्या माहेरापासूनचा नेम. बोल्ट ओळीनं पाटावर बसले. हळद, कुंकू, झेंडूची फुलं.

"आता उद्या दसऱ्यालाच हात लावायचा, बगा," ती म्हणाली.

एरवी तो ऐकणारा नव्हता. अडलेल्या जीपसाठी त्यानं भर खंडेनवमीला पाटावरचा पाना उचलला होता आणि बायकोची बोलणी खाल्ली होती. या खेपेला मात्र त्याला बरं वाटलं. देवाचं निमित्त झालं आणि कंबरेला एक दिवस मिळाला. संध्याकाळी बोट चालवणाऱ्या सटवाजीचा फोन आला. "मिस्त्री, बोट झाली का?"

"झालीच म्हण," भागवत म्हणाला आणि आडवा झाला.

सकाळी तो चहा पीत होता, तेवढ्यात दैवशाला रस्त्यावरून धावत आली. "आवो, वरून पाणी सोडलंय. धोंडीबाचा आखाडा पाण्यात हाय. सटवाजी बोट घिऊन गेला म्हणं!"

भागवतनं फुलं बाजूला सारून बोल्ट खिशात कोंबले, पाने उचलले. दैवशालानं पाट बाजूला ओढून त्याला वाट दिली.

घाटावर पोचला तेव्हा बोट आखाड्याला लागली होती. शेतातल्या त्या घराच्या पत्र्यावर माणसं दिसत होती. जोड सुटला तर नदीच्या त्या धारेत बोट म्हणजे नुसतं लाकूड, आणि खाली बंधाऱ्याची दारं. तो ओरडला, पण हाक पाण्यापलीकडं गेली नाही. मग तो खालीच बसला. एवढं थकल्यासारखं त्याला कधी वाटलं नव्हतं, आणि ते कंबरेचं नव्हतं.

बोट आली, पण रांगत आली. धोंडीबा उतरला, त्याची बायको कोंडाबाई शिव्या देतच उतरली. "मुडदा बशिवला हिचा! मी म्हणलं, हळू घे, न्हाईतर उडी मारते!"

"लय भेली," सटवाजी हसत म्हणाला. "गोगलगाईवानी आणली. सून आन् लेकरू राहिलंय, आणतो."

"थांब," भागवत म्हणाला आणि इंजिनचं झाकण उघडलं. कपलिंगचं एक भोक रिकामं होतं. दोन नट शेवटच्या आट्यावर आले होते. कोंडाबाई भ्याली नसती तर ही तिघं घाटाला लागली नसती.

सटवाजीचं हसू गेलं. "काल तर झालीच म्हणलास."

"न्हाई झाली. बोल्ट पूजेत होते. आन् मी दमलो होतो."

मागून धोंडीबा ओरडू लागला, "आरं, माजी सून राजेश्री हाय पत्र्यावर, तिचं लेकरू हाय!" भागवत आत पालथा झाला. सदऱ्यानं आट्यांवरचं कुंकू पुसून एकेक बोल्ट घातला, समोरासमोरचे कसले. कंबर बोंबलत होती, बोंबलू दिली. टॉर्क पाना शेवटच्या नटावर टक् म्हणाला, तेव्हा तो उठला.

सटवाजी बोटीत चढेना.

"तू बी बस," तो भागवतला म्हणाला.

"मला पवता येत न्हाई."

"म्हणूनच म्हणायलोय."

भागवत चढला आणि त्या झाकणावरच बसला. पाणी वाढत होतं, या वेळी हळू जमणार नव्हतं. सटवाजीनं पूर्ण वेग दिला. बोट आपटत निघाली. दर आपटीला भागवत झाकणावर दोन्ही तळवे दाबून धरी आणि खालून येणारा हादरा हातानं चाचपत राही. तोंड फिरवून पाण्याकडं पाहायची त्याची छाती झाली नाही.

पत्र्याला बोट टेकली. राजेश्रीनं वरूनच लेकरू पुढं केलं. "धरा वो मामा, आधी ह्याला धरा!"

ते घ्यायला भागवतला झाकणावरचे हात काढावे लागले.